‘ळ’ गेला आणि वारसनोंद अडकली

मंडळी, थोडं मोठं लिहितोय. चहा घेऊन बसा. विषय मराठीचा आहे, पण अभिमानाचा नाही, कागदाचा आहे.

घोडेगावात माझं टायपिंग, झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. तहसील कचेरी इथं, आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय इथं, त्यामुळं आहुप्यापासून इंगळूनपर्यंतची माणसं कधी ना कधी माझ्या बाकड्यावर बसून गेलेली आहेत. मी मास्तर नाही. पण वीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज, लग्नपत्रिका आणि श्रद्धांजलीचे बोर्ड टाईप करता करता लोक मला विचारायला लागले. ‘भाऊ, ही वेलांटी पहिली का दुसरी?’ आता तर मंचर-नारायणगावचे फ्लेक्सवाले रात्री अकराला फोटो पाठवून विचारतात. पैसे कुणी देत नाही, मी मागत नाही. चहाचं मात्र बघतात.

दरवर्षी २७ फेब्रुवारी आली, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, की त्या आठवड्यात माझ्याकडं सगळ्यात जास्त अशुद्ध मजकूर येतात. यंदाही आले. ‘हार्दीक शुभेच्छा’, ‘उज्वल परंपरा’, ‘मराठीचे महत्व’. मी दुरुस्त करतो. मग कार्यकर्ता म्हणतो, ‘दिलंय तसंच टाक, साहेबांनी पाहिलंय.’ साहेबांनी पाहिलं म्हणजे फोटो पाहिला असतो, मजकूर नाही. तर एकदाच सांगून ठेवतो. हार्दिक, धार्मिक, सामाजिक, सगळ्यांत पहिली वेलांटी. उज्ज्वलमध्ये दोन ज, कारण शब्द उत् आणि ज्वल मिळून झालाय. महत्त्व म्हणजे महत् अधिक त्व, म्हणून दोन त. आणि श्रद्धांजलीत द आधी, ध नंतर. जोडाक्षरात ध द-च्या खाली लोंबतो, नीट दिसत नाही, म्हणून अर्धा तालुका ‘श्रध्दांजली’ लिहितो. तोंडानं म्हणून बघा, जीभच सांगेल आधी कोण ते.

आपला जुन्नर २०१८ मध्ये पर्यटन तालुका जाहीर झाला तेव्हापासून एक चूक मी शंभरदा तरी पाहिली असेल: ‘निसर्गरम्य डोंगर-दर्यांचा तालुका’. दर्या म्हणजे समुद्र हो! माळशेजच्या कड्यावरून लांब कोकण दिसतं हे खरं, पण दर्या आपल्याकडं नाही. आपल्याकडं आहेत त्या दऱ्या. दरी-दऱ्या, सुरी-सुऱ्या, पायरी-पायऱ्या. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर पंडित येतील, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर जेवण होईल. मोबाईलवर तो आडवा र काढायला ऱ हे अक्षर वेगळं शोधावं लागतं, म्हणून मुलं साधा र टाकून मोकळी होतात. ही चूक माणसाची कमी आणि कीबोर्डची जास्त.

असे प्रश्न आले की मजा येते. ‘गुरू’ दीर्घ तर ‘गुरुजी’ ह्रस्व का? कारण आपल्या नियमात शब्द एकटा असला की शेवटचा इ-उ दीर्घ, आणि संस्कृतातून आलेल्या शब्दाला पुढं काही जोडलं की तो मुळावर जातो. हरी पण हरिभाऊ, विष्णू पण विष्णुपंत. गावाच्या नावातला पूर नेहमी दीर्घ, मग ते सोलापूर असो, खानापूर असो की आपलं राजपूर. हे नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ मध्ये चौदा नियम केले, १९७२ मध्ये आणखी चार घातले, सरकारनं मान्य केले. म्हणजे ज्यांना आपण ‘पूर्वापार शुद्ध मराठी’ म्हणतो ते नियम माझ्या वडिलांपेक्षा लहान आहेत. त्याआधी शाळेच्या दाखल्यावर ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ असे टिंबांचे सडे असायचे. ते टिंब काढले आणि मराठी बुडाली नाही.

दुसरी गर्दी असते अभ्यासिकेतल्या पोरांची. तलाठी, पोलीस, वनरक्षक, काही ना काही भरती चालू असते. मो. रा. वाळंबे यांचं व्याकरणाचं पुस्तक काखेत असतं आणि प्रश्न असतो प्रयोगाचा. मागं एक पोरगा आला, पश्चिम पट्ट्यातला, भरतीसाठी तीन वर्षं झटतोय. त्यानं विचारलं, ‘दादा, रामाने भाकर खाल्ली, तिने भाकर खाल्ली, इथं कर्त्याला ‘ने’ लागतो, कर्मणी प्रयोग, समजलं. मग मी भाकर खाल्ली यात ‘मी’ला का काही लागत नाही? मी जातो, मी खाल्ली, दोन्हीकडं मी तसाच.’ मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय की इथं मी तृतीयेतच आहे, फक्त रूप बदललेलं दिसत नाही. तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘पण मपली आजी म्या भाकर खाल्ली म्हणती. म्या जाते असं नाय म्हणत. मी जाते म्हणती.’

मी टायपिंग थांबवलं. पोरानं व्याकरणाच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. ‘म्या’ हेच ‘मी’चं खरं तृतीयेचं रूप. ज्ञानेश्वरीत ‘म्यां’ सापडतं. प्रमाण मराठीनं ते टाकून दिलं आणि मग पोरांना पाठ करायला लावलं की ‘रूप दिसत नाही पण समजून घ्या’. आजीच्या तोंडात ते अजून दिसतं. तिला कर्मणी प्रयोग कुणी शिकवला नाही, तरी तो तिचा एकदाही चुकत नाही. आणि तिच्या नातवाला वाटत होतं की आजी अडाणी बोलते, म्हणून त्यानं प्रश्न आधी दबक्या आवाजात विचारला, इकडं-तिकडं बघून.

तेच ‘मपलं-तुपलं’चं. आपल्या पट्ट्यात, आणि पलीकडं अकोल्या-संगमनेरकडंही, ‘माझं-तुझं’ऐवजी हे ऐकू येतं. पुण्यात बोललं की लोक हसतात. मला तर तो शब्द फार हुशारीचा वाटतो. ‘आपलं’ हा साचा घेतला, त्यात म घातला, तु घातला. आपलं, मपलं, तुपलं. माझं-तुझं यापेक्षा हिशेबाला चोख. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून राज्यभर फिरून बोलींचं सर्वेक्षण केलंय, माणसांचे आवाज रेकॉर्ड केलेत. तिथल्या अभ्यासकांना आपल्या बोलण्यात चूक दिसत नाही, माहिती दिसते. हसणारे असतात ते आपलेच, दोन इयत्ता पुढं गेलेले.

आणि हसण्यानं काय होतं ते मी पाहिलंय. एका शाळेत (नाव घेत नाही) सातवीतली मुलगी वर्गात ‘पानी’ म्हणाली. शिक्षकांनी तिला दहा वेळा ‘पाणी’ म्हणायला लावलं, वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर ती पोरगी वर्गात हात वर करत नव्हती. तिच्या आईनं मला सांगितलं, तक्रार लिहायला आली होती, मग ‘जाऊ द्या’ म्हणून परत गेली. कागदावर पाणीच लिहायचं, यात मला शंका नाही. ण हे अक्षर आहे आणि पेपर तपासणारा मार्क कापणार. पण बोलताना न आणि ण यांची अदलाबदल आपल्या भागात आजची नाही. तो घाट घ्या. कुणी नाणेघाट लिहितो, कुणी नाणाघाट, कुणी नानाघाट. इंग्रजांच्या कागदांत नानाघाट. मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ३ ऑक्टोबर २०२४ ला, त्या वेळी ज्या पुराव्यांचा गाजावाजा झाला त्यात आपला हाच घाट होता. रंगनाथ पठारे समितीच्या मांडणीत तिथल्या लेखाला मोठं स्थान आहे. म्हणजे भाषेचा दाखला जिथं सापडला, त्या जागेच्या नावातला न की ण हे आपलं अजून ठरायचंय! गंमत म्हणून सांगतो, ठरवायची घाई नाही.

नाणेघाटाचा तो लेख सातवाहन राणी नागनिकेचा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. कोणकोणते यज्ञ केले आणि किती गायी, किती घोडे, किती नाणी दान दिली त्याचे आकडे आहेत. शेजारी पुतळ्यांच्या डोक्यावर नावं कोरलेली, पुतळे तुटले, नावं उरली, त्यात एक ‘महारठि’ आहे. ट्रेकला जाणारी पोरं तिथं सेल्फी घेतात, घ्या, पण लेखाला हात लावू नका. आणि शिवनेरीच्या लेण्यांत याहून मजेदार गोष्ट आहे. तिथं यवन दात्यांचे लेख आहेत. एकानं भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला, एकानं पाण्याची टाकी दिली. परदेशी माणसं, जुन्नरच्या पेठेत व्यापाराला आलेली असणार. त्यांनी दान दिलं आणि ते कोरून घेतलं इथल्या प्राकृतात. नाव आपलं, भाषा इथली. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरला आलेल्या परक्या माणसाचं नाव इथल्या अक्षरांत बसलं आणि आजही वाचता येतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो त्या मुद्द्यावर येतो. त्या यवनाचं नाव कातळात टिकलं, आपल्या माणसांची नावं मात्र कॉम्प्युटरमध्ये टिकत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात एक काकी पुतण्याला घेऊन दुकानात आल्या. नवरा वारलेला, भाताची दोन-चार खाचरं, थोडं वरकस, बांधाला हिरड्याची झाडं. सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव ‘काळू’. आधार कार्डावर ‘कालु’. मृत्यूचा दाखला आधार बघून केलेला, म्हणून तिथंही ‘कालु’. रेशनकार्डावर ‘काळु’. वारसनोंदीचा अर्ज एका कार्यालयातून परत आला होता. कारण, नावात तफावत. ‘काळू, काळु आणि कालु ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे.’ पुतण्या मला समजावून सांगत होता, तेवढ्यात काकी मध्येच बोलल्या, ‘आवं भाऊ, मपला नवरा योकच व्हता. तीन कुठून आणू?’

आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या. पण बघा, हसण्यासारखं काय होतं त्यात? वारसनोंद नाही म्हणजे सोसायटीचं कर्ज नाही, पीकविमा नाही, अतिवृष्टीचं अनुदान आलं तर ते मेलेल्या माणसाच्या नावावर. फार्मर आयडी काढायला गेलं तर सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून तिथं वेगळी अडवणूक.

हा ‘ळ’ जातो कुठं? मी रोज स्क्रीनवर बघतो म्हणून सांगतो. आधार नोंदवताना ऑपरेटर बहुतेक वेळा इंग्रजीत नाव टाईप करतो आणि मशीन बाजूला मराठी करून दाखवतं. इंग्रजी लिपीत ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, त आणि ट एकच, द आणि ड एकच. काळेचा काले होतो, ढोबळेचा ढोबले, शेळकेचा शेलके. डुंबरेचा दुंबरे झालेला मी स्वतः पाहिलाय, ओतूरला सांगू नका. तुळसाबाईची तुलसाबाई होते. ऑपरेटर स्क्रीन फिरवून विचारतो, ‘बरोबर आहे का?’ मागं पन्नास जणांची रांग, समोर चष्मा विसरून आलेली म्हातारी. ती मान हलवते. तिथंच कागदावर दुसरा माणूस जन्माला येतो.

आता दुसरा फरक, काळू आणि काळु. नियम सांगतो शेवटचा उकार दीर्घ, म्हणून काळू बरोबर. पण काकींच्या सासऱ्याच्या काळचे कागद काढले तर त्यात काय असेल? मोडी. आणि मोडीत ह्रस्व-दीर्घ हा भेदच नाही. एकच वेलांटी, एकच उकार. शिवाजी महाराजांच्या काळातली पत्रं, पेशवाईतले हिशेब, इनामाचे कागद, वतनाचे निवाडे, सगळं त्या एका वेलांटीवर चाललं. राज्य चाललं, महसूल गोळा झाला, जमिनी वारसांकडं गेल्या. ‘पहिली की दुसरी’ असा सवाल कुणी कुणाला केला नाही. साधारण १९५० पर्यंत मोडी शाळेत शिकवत होते, म्हणजे गावातल्या नव्वदीच्या आजोबांनी ती गिरवलेली असू शकते. ज्या जमिनीचा मूळ कागदच अशा लिपीत आहे की जिला ह्रस्व-दीर्घ माहीत नाही, त्या जमिनीची आज वारसनोंद ह्रस्व-दीर्घावरून अडवायची, याला काय म्हणावं?

शिवनेरीवर जन्मलेल्या राजानं राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात सुमारे चौदाशे शब्दांना पर्याय दिले, हे आपण भाषणात सांगतो. पण तो कोश होऊनसुद्धा तहसील, तालुका, फेरफार, मौजे हे शब्द आपल्या सातबाऱ्यावरून गेले नाहीत आणि कुणाचं अडलंही नाही. अगदी परवा तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं, तरी गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतंय आणि भाऊसाहेब ‘ओ’ देतायत. हाकेला माणूस कळतो, मग अर्जात का कळू नये?

जातीच्या दाखल्यात हे आणखी जीवघेणं होतं. आपल्याकडं बोलताना ‘महादेव कोळी’ म्हणतात. मराठीत विशेषण आधी येतं, नाम नंतर, त्यामुळं तेच सरळ. पण अनुसूचित जमातींच्या यादीत आहे ‘कोळी महादेव’. यादी करताना मुख्य शब्द पुढं घ्यायची पद्धत असते तसं ते. जुन्या शाळेच्या रजिस्टरात मास्तरांनी घाईत लिहिलेलं असतं ‘हिंदू कोळी’, कुठं ‘म. कोळी’, कुठं नुसतं ‘कोळी’. पडताळणी समितीसमोर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा सगळ्यात वजनाचा, आणि तो पुरावा म्हणजे ज्या मास्तरांना आपण एक शब्द गाळतोय याचं पुढं काय होईल हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, त्यांच्या हातचं अक्षर. पोरगी नर्सिंगला लागलेली असते आणि तिच्या पणजोबाच्या नावापुढं मास्तरांनी ‘महादेव’ लिहिलं की नाही यावर तिची जागा. अक्षरांचे वाद किती लांब जातात हे धनगर-धनगड प्रकरणात राज्यानं पाहिलंच, फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या याचिका फेटाळल्या. तो वाद वेगळा, त्याच्या बाजू वेगळ्या, मी इथं त्यात शिरत नाही. एवढंच की ‘एका अक्षरानं काय होतंय’ हे वाक्य आमच्या दुकानात कुणी बोलत नाही.

मग कुणी म्हणेल, तू स्वतः फ्लेक्सवरच्या वेलांट्यांवरून भांडतोस आणि इथं वेलांटी सोडा म्हणतोस. हो, म्हणतो. फ्लेक्स हा मजकूर आहे, लिहिणाऱ्यानं पैसे आणि वेळ देऊन लिहिलाय, चौकात टांगलाय, शाळेची पोरं तो वाचतात. तो नीट असावा. नाव हा मजकूर नाही. नाव हे ज्याचं त्याचं. काळूनं स्वतःचं नाव स्वतः कधीच लिहिलं नव्हतं, अंगठा होता. तिन्ही नावं दुसऱ्यांनी लिहिली, तीन टेबलांवर, तीन तऱ्हांनी. लिहिणाऱ्या तिघांना काही झालं नाही. निस्तरायला त्याची बायको, पंधरा किलोमीटरवरून येष्टीनं येऊन.

आपल्याकडं आळ्याला रेड्याची समाधी आहे. त्या रेड्याकडून वेद म्हणवले अशी कथा आहे, आषाढी-कार्तिकीला लोक भक्तीनं जातात. वेद म्हणताना त्याचे ह्रस्व-दीर्घ बरोबर होते का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. माणसालाच आपण विचारतो.

काकींचं पुढं काय झालं ते सांगतो. प्रतिज्ञापत्र केलं. बाहेर त्यांना पाचशेचा स्टॅम्प लागेल असं सांगितलं गेलं होतं. जात, उत्पन्न, रहिवासाचे दाखले काढायला शासकीय कार्यालयात जी प्रतिज्ञापत्रं द्यावी लागतात त्यांना मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी लोक स्टॅम्प घेऊन येतातच, कारण सांगणाऱ्याला सांगायला काही पडत नाही. इथं जमिनीचं काम होतं, म्हणून मी पुतण्याला म्हटलं, आधी आत जाऊन लेखी विचार की स्टॅम्प कशासाठी. लेखी विचारल्यावर कोऱ्या कागदावर चाललं. मग अर्ज घेतला गेला, वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६-क ला, चढला, फेरफार धरला, पंधरा दिवसांची नोटीस निघाली, हरकत कुणाची नव्हती, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. पंधरा दिवसांचं काम पाच महिन्यांनी झालं. नवीन सातबाऱ्यावर काकींचं स्वतःचं नाव आलं, तेव्हा मी आधी वेलांट्या तपासल्या. बरोबर होत्या. खुद्द सातबाऱ्यावरच चूक असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडं लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज करता येतो, हेही लक्षात ठेवा. कागदपत्रांची छायाप्रत जोडा, जुना हस्तलिखित सातबारा असेल तर तो नक्की जोडा, पोच घ्या. पोच न घेता घरी जाऊ नका.

पण हे एकेकाचं झालं. सगळ्यांसाठी काय करता येईल याचा विचार करताना मला चावडी वाचन आठवलं. सातबारे ऑनलाईन केले तेव्हा गावोगाव चावडीवर वाचून दाखवले होते, चुका असतील तर सांगा म्हणून. त्यात खूप चुका निघाल्या आणि सुधारल्याही गेल्या. मी आमच्या गावच्या वाचनाला बसलो होतो. भाऊसाहेब मोठ्यानं वाचत होते, लोक ‘हाये, हाये’ करत होते. कुणाचं क्षेत्र चुकलं, कुणाचा हिस्सा, कुणाचं आडनाव, लगेच चार जण ओरडायचे. काळूऐवजी कालू वाचलं असतं तर पारावरचं पोरगंसुद्धा म्हणालं असतं, आवं काळू! पण काळू आणि काळु यातला फरक पाच-सहाशे माणसांत एकालाही ऐकू आला नसता. कारण तो बोलण्यात नाहीच, फक्त कागदावर आहे.

मला वाटतं रेषा इथंच मारता येते. जो फरक चावडीवर मोठ्यानं वाचताना ऐकू येत नाही, त्या फरकासाठी कुणाही अर्जदाराकडं प्रतिज्ञापत्र मागू नये. ह्रस्व-दीर्घ वेलांटी, ह्रस्व-दीर्घ उकार, ‘नांव’सारखं जुनं टिंब, द्ध आणि ध्द, श्री मागं की पुढं, हे सगळं त्यात येतं. आणि जो फरक ऐकू येतो, ल-ळ, न-ण, द-ड, तो इंग्रजीतून मराठी करताना झालेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि हेलपाटा अर्जदाराच्या गळ्यात नको. ज्या केंद्रावर नोंद झाली तिथंच तो फुकट दुरुस्त व्हावा, आणि रांगेत ‘बरोबर आहे का’ विचारताना नाव वाचून दाखवावं, नुसता स्क्रीन फिरवू नये. वाचून दाखवलं तर चष्मा लागत नाही.

ग्रामसभेच्या ठरावानं कायदा बदलत नाही, हे मला माहीत आहे. पण ठराव झाला की तो तहसीलदारांकडं जातो, दहा गावांचे गेले की त्यांना वर कळवावं लागतं, आणि वर मराठीवर प्रेम असलेली पुष्कळ माणसं आहेत, २७ फेब्रुवारीला सगळ्यांचे फोटो मीच छापलेत. १ मे च्या ग्रामसभेत आमच्या गावात हा विषय मांडणार आहे. विषय अजेंड्यावर यायचा तर आधी लेखी द्यावा लागतो, तो दिला आहे.

ठरावाचा मसुदा टाईप करून ठेवलाय, एक पान आहे. सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा रिकाम्या सोडल्यात, गावाचं नाव घालायची जागा सोडलीय. जुन्नर, आंबेगाव, कुठल्याही गावचे असा, दुकानात या, प्रिंट घेऊन जा, पैसे नाहीत. फक्त टाईप करून स्वतःचा करणार असाल तर एक बघा, ‘ह्रस्व’ हा शब्द आधी ह आणि त्याला र असा आहे. परवा तिघांनी तो ‘ऱ्हस्व’ करून पाठवलाय. चालेल म्हणा, वाचताना तेवढं कुणाला ऐकू येणार नाही.